नगरच्या ख्रिस्ती बाया : श्रद्धा, कष्ट आणि हक्क

(जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात नगर येथे केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळी सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालून आपण शिबिराची सुरुवात केली. गाणे चालू असताना माझ्या शेजारी बसलेल्या राहुरी तालुक्यातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘बाई, सावित्रीबाई आपल्या नगरच्या शाळेत शिकायला आल्या होत्या म्हणतात. मग ज्या बाईनं शिकवलं तिचं नाव कुणीच कसं घेत नाही?’’ मावशी ख्रिस्ती आहेत. रविवारी देवळात जातात, महिन्याच्या पाच तारखेला बचत गटाची बैठक घेतात आणि आपल्या प्रत्येक मोर्चात असतात. त्यांच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. आजचे माझे बोलणे हेच त्यांना उत्तर समजावे.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण मी जुन्या काळाबद्दल बोलणार आहे, म्हणून तोंडात नगर हेच नाव येईल. ते तेवढे चालवून घ्या.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांत ख्रिस्ती धर्माने या जिल्ह्यातल्या बायकांना अक्षर दिले, काम दिले, घराबाहेर पडायला रस्ता दिला. निर्णयाचा अधिकार मात्र दिला नाही. तो घरात नवऱ्याकडे, मंडळीत पाळकसाहेब आणि पंचांकडे आणि कायद्यात सरकारकडे राहिला. जिथे जिथे तो मिळाला, तिथे बायांनी तो स्वतः घेतला. ही गोष्ट चर्चच्या इतिहासातही नीट येत नाही आणि आपल्या चळवळीच्या इतिहासातही येत नाही. चर्च मिशनऱ्यांची नावे सांगते, आपण समाजसुधारकांची सांगतो. मधल्या बाया दोन्हीकडून गळतात.

शाळा आणि शिकवणाऱ्या

अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे घातले ते १८३१ साली. मिस सिंथिया फरार १८२७ सालीच मुंबईला आल्या होत्या. लग्न न केलेली बाई एकटी परदेशी मिशनच्या कामाला पाठवायची, ही गोष्ट अमेरिकेतल्या लोकांनाही तेव्हा नवीन होती. १८३९ साली त्या नगरला आल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. वीस-बावीस वर्षे त्यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नगरला नोकरीत होते. त्या निमित्ताने जोतीराव नगरला आले, त्यांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. नगरच्या शाळा पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे जोतीरावांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षणही फरारबाईंकडे झाले असे मानले जाते. मावशी, तुमच्या प्रश्नातले नाव हे : सिंथिया फरार.

पण एवढ्यावर थांबले तर आपणही मिशनच्या अहवालासारखेच बोललो असे होईल. गोऱ्या बाईने शाळा काढली, आणि काळ्या मुली शिकल्या, एवढीच ती गोष्ट नाही. त्या शाळेत मुलगी पाठवणारी आई कोण होती? नगरच्या आसपासच्या खेड्यांत मिशनकडे आले ते मुख्यतः महार आणि मांग समाजातले लोक. ज्या मुलीला गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी होती, तिच्या हातात पाटी द्यायची, आणि तीही शेण-गोवऱ्यांचे काम बुडवून, हा निर्णय घेणारी आई कुठल्याच अहवालात नावाने भेटत नाही.

एक मुलगी मात्र नावाने भेटते. मुक्ता साळवे. ती मांग समाजातली, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी. १८५५ साली तिचा महार-मांगांच्या दुःखाबद्दलचा निबंध दोन भागांत छापून आला तो ‘ज्ञानोदय’मध्ये. हे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली सुरू झाले ते आपल्या नगरला, याच मिशनच्या छापखान्यात. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. तिने प्रश्न असा विचारला की वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता? आडोशालाही छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने लिहिले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने धर्म आणि बाळंतपण एकाच निबंधात आणले. धर्म हा बाईच्या अंगावर, तिच्या बाळंतपणावर येऊन पडतो, हे तिला कुणी शिबिर घेऊन शिकवले नव्हते.

नवऱ्याचा बाप्तिस्मा

आता घराच्या आत जाऊ. नगरमध्ये जे थोडे ब्राह्मण ख्रिस्ती झाले, त्यांत हरिपंत खिस्ते हे आरंभीचे. त्यांचा बाप्तिस्मा १८३९ सालचा. त्यांची पत्नी राधाबाई. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या वयाने अगदी लहान होत्या आणि त्यांना कुणी काही विचारले नव्हते. एका रात्रीत माहेर तुटले, सोवळे तुटले, ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्यात राहायची वेळ आली. राधाबाईंची मुलगी कृपाबाई १८६२ साली नगरला जन्मली. १८७८ साली ती मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकायला गेली. तब्येतीने साथ दिली नाही म्हणून शिक्षण अर्धवट राहिले. पुढे ती कृपाबाई सत्यनाथन झाली आणि इंग्रजीत कादंबऱ्या लिहू लागली. ‘सगुणा’ ही तिची कादंबरी १८८७-८८ साली मद्रासच्या एका मासिकातून क्रमशः आली. ती बरीचशी तिच्याच घरची हकिकत आहे. तिच्यात आईची ही ओढाताण आहे, आणि हिंदी ख्रिस्ती मुलींशी गोऱ्या मिशनरी बायका ज्या वरच्या पायरीवरून वागत त्याबद्दलही नाराजी आहे. १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ती गेली. भारतातल्या पहिल्या इंग्रजी कादंबरीकार बायकांमध्ये तिचे नाव घेतात, पण तिच्या जन्मगावात तिची ओळख फारशी कुणाला नाही.

दुसरे घर आपल्या ओळखीचे. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्याआधी बायकोला विचारले नव्हते. लक्ष्मीबाईंचे वय सव्वीस-सत्तावीस. पुढची काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने, कधी पंढरपूरला तर कधी नाशिकला काढली. मग त्या मुलाला घेऊन नगरला नवऱ्याकडे आल्या, पण धर्म बदलून नव्हे. मिशनच्या आवारात राहून त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असा संसार त्यांनी करून दाखवला. पुढे जातपात आपली आपण विचार करून सोडली. आधी जात गेली आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, स्वतःला पटेपर्यंत थांबल्या.

नगरला प्लेग आला तेव्हा आजारी मुलींची शुश्रूषा करायला लक्ष्मीबाई पुढे झाल्या. ज्या बाईला कालपर्यंत दुसऱ्याच्या हाताचे पाणी चालत नव्हते, ती आता दुसऱ्यांच्या मुलींची अंगे पुसत होती. शाळेत न गेलेल्या या बाईने टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे पुरे केले. टिळकांनी लिहिली होती अकरा प्रकरणे, बाकी बहुतेक सगळे काम लक्ष्मीबाईंचे. आणि १९३४ पासून भागाभागाने आलेली ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीत अजून वाचली जातात. आपण ती विनोदासाठी वाचतो. माझी विनंती आहे, एकदा ती संमतीच्या प्रश्नासाठी वाचा. बाईला न विचारता तिचे आयुष्य बदलले जाते, त्यानंतर ती काय करते, हे त्यात पानोपानी आहे.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचे नाव घ्यायला हवे. त्यांचे केडगाव आपल्या नगरजवळचे नव्हे, पुणे जिल्ह्यात दौंडजवळचे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या तेव्हा विधवा होत्या, त्यामुळे हा निर्णय पूर्णपणे त्यांचाच होता. पण तिथल्या धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी काय मानायचे ते सांगायला सुरुवात केल्यावर त्यांनी तेही ऐकले नाही. पुढे दुष्काळातल्या मुली त्यांनी मुक्ती सदनात आणल्या आणि त्यांना छापखान्याचे काम शिकवले. स्वतः बायबलचे मराठी भाषांतर केले. एका बाईने धर्मग्रंथाचे भाषांतर करावे आणि बायांनी तो छापावा, अशी उदाहरणे जगातही फार नाहीत.

बायबल-बाई

मोठ्या नावांमागे एक मोठी फळी होती, तिच्याबद्दल आता बोलते. आमच्या भागात अजून जुन्या बाया ‘बायबल-बाई’ हा शब्द वापरतात. मिशन शिकवून तयार केलेल्या स्थानिक बाया पगारावर नेमत असे. बऱ्याचदा विधवा, टाकलेल्या किंवा शिक्षकाच्या, पाळकाच्या बायका. त्यांनी वस्तीवस्तीत जायचे, बायांना वाचायला शिकवायचे, पुस्तक वाचून दाखवायचे, गाणी म्हणायची, आजारी बाईजवळ बसायचे. पुरुष प्रचारक ज्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकत नव्हता, तिथे ही बाई जात असे. त्यांच्या पगाराचा पैसा अमेरिकेतल्या बायकांची मंडळे जमवून पाठवीत.

एका आजींनी मला त्यांच्या आजीबद्दल सांगितले. ती लहानपणी विधवा झाली, मिशनच्या बोर्डिंगात वाढली आणि पुढे बायबल-बाई झाली. हातात छत्री, काखेत पिशवी, पिशवीत चष्मा आणि पुस्तक. रोज पाच-सहा मैल पायी. लोक वस्तीत शिरू देत नसत तेव्हा ती विहिरीपासून दूर झाडाखाली बसे आणि पाणी भरून परतणाऱ्या बाया थांबत. आजी म्हणाल्या, ‘‘तिला देव सांगायचा होता, बायांना ऐकायचं होतं की विधवा बाई एकटी कशी फिरते.’’

मैत्रिणींनो, आपण स्त्रीमुक्तीचे काम करणाऱ्या बाया वस्तीत जातो, गाणी म्हणतो, पोस्टर दाखवतो, घरातल्या बाईशी एकटीने बोलायची संधी शोधतो. ही पद्धत आपण १९७५ नंतर शोधली असे आपल्याला वाटते. ती बायबल-बाईने कितीतरी आधी वापरली होती. हेतू वेगळा होता, हे मान्य. धर्मप्रसार हा त्यांच्या नोकरीचा भाग होता आणि त्याची चिकित्सा आपण केली पाहिजे. पण पगार घेऊन, एकटीने गावोगाव फिरणारी दलित बाई एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात होती, ही गोष्टही खरी आहे.

तिच्या वाट्याला काय आले? पगार कमी, नेमणूक आणि बडतर्फी दुसऱ्याच्या हातात, आणि मंडळीच्या निर्णयात जागा नाही. प्रवचन पाळकाने करायचे, तिने फक्त ‘बायांमध्ये’ बोलायचे. आज आपल्या चर्चमध्ये महिला मंडळ सर्वांत जास्त काम करते. नाताळची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, मूठभर धान्याचे दान, सगळे बाया करतात. हिशेबाच्या बैठकीला मात्र किती बाया असतात? शेजारच्या आंध्रात २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने ई. पुष्पललिता यांना बिशप केले. म्हणजे अशक्य काहीच नव्हते. रोमन कॅथलिक पंथात बाईला याजक होण्याची वाट अजून बंदच आहे. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत दर सप्टेंबरात लाखांनी माणसे येतात, त्यात बाया किती असतात ते तुम्ही पाहिलेच आहे. पूजा एका आईची, पायी चालणाऱ्या बाया, आणि वेदीवर पुरुष.

दूरची एक मैत्रीण

इथे थोडे जगाकडे बघू, कारण ही फक्त नगरची गोष्ट नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला मिनाहासा नावाचा प्रदेश आहे. डच मिशनचे रीडेल आणि श्वार्झ तिथे पोचले तेही १८३१ सालीच, म्हणजे नगरच्या मिशनच्याच वर्षी. तिथला जवळजवळ सगळा समाज पुढे ख्रिस्ती झाला. १८७२ साली त्या समाजात मारिया मारामिस नावाची मुलगी जन्मली. लक्ष्मीबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान. आईबाप लहानपणीच गेले, शाळा मिळाली ती तीन वर्षांची. भाऊ पुढे शिकला, तिचे शिक्षण थांबले. लग्नानंतर तिने वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली आणि १९१७ साली बायकांची संघटना काढली. मुलींना स्वयंपाक, शिवण, बाळाची निगा शिकवायची, असे तिचे काम सुरुवातीला अगदी घरगुती वाटे. पण त्याच संघटनेच्या जोरावर तिने मागणी केली की मिनाहासाच्या प्रतिनिधी सभेसाठी बायकांनाही मत असले पाहिजे, आणि १९२१ साली ते मिळवले. आपल्या मुंबई प्रांतातही बायकांना मताचा अधिकार १९२१ सालीच मिळाला, अर्थात मालमत्तेच्या अटीवर.

मी मारियाची गोष्ट का सांगितली? तीही मिशनच्या शाळांच्या वातावरणात वाढली, श्रद्धावान होती, आणि तिनेही शिवणकामापासून सुरुवात केली. पण तिथे थांबली नाही, मत मागितले. आपल्याकडचे महिला मंडळ शिवणकामापर्यंत आले आहे. मत मागायचे, निदान मंडळीच्या बैठकीत मागायचे, अजून बाकी आहे.

कायदा : एकशे बत्तीस वर्षे

आता कायद्याबद्दल. ख्रिस्ती जोडप्यांसाठी घटस्फोटाचा कायदा इंग्रजांनी १८६९ साली केला. त्यात नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला हवा असेल तर नुसता व्यभिचार पुरत नसे. व्यभिचार आणि शिवाय क्रूरता, किंवा व्यभिचार आणि शिवाय दोन वर्षे टाकून जाणे, असे दोन गुन्हे तिने सिद्ध करायचे. नवरा रोज मारतो एवढ्यावर तिला सुटका नव्हती. स्वातंत्र्य आले, घटना आली, हिंदू स्त्रियांसाठी १९५५ चा कायदा झाला, ख्रिस्ती बाई तिथेच राहिली. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना वर्षानुवर्षे मागे लागल्या होत्या. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट घटनाबाह्य ठरवली, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. १८६९ ते २००१. हिशेब करा, एकशे बत्तीस वर्षे. या काळात नगरच्या देवळांत किती लग्ने लागली असतील आणि किती बायांना ‘क्षमा कर, प्रभू पाहतो आहे’ असे सांगून परत पाठवले असेल!

वारसाहक्काचे उलटे आहे. तिथे कायदा बरा आणि व्यवहार वाईट. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे बायको-मुले असली, तर बायकोला एक तृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. म्हणजे कागदावर ख्रिस्ती मुलगी पुढे होती. पण आमच्याकडे येणाऱ्या बहिणी भावासाठी हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आलेल्या असतात. विचारले तर म्हणतात, ‘‘आम्हाला वाटा असतो हेच माहीत नव्हतं.’’

एकाच वस्तीतल्या दोघी

शेवटी जे सांगण्यासाठी मी आज उभी राहिले ते सांगते. ज्या गावांत मी काम करते, त्यांतल्या एका वस्तीत दोन चुलत जावा राहतात. आजे-सासरे सख्खे भाऊ. एका घराने बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म घेतला, दुसरे घर त्याआधीच ख्रिस्ती झाले होते. एकच भिंत, एकच नळ, एकाच शेतात मजुरी. गावातले लोक दोघींकडे एकाच नजरेने बघतात. चहाचा कप दोघींचाही वेगळा असायचा. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. त्यामुळे थोरल्या जावेला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला उभे राहता आले, धाकटीला नाही. थोरलीला कुणी जातीवरून शिवी दिली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, धाकटीला तीच शिवी त्याच तोंडातून आली तरी नाही.

मग लोक काय करतात? पुष्कळ घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. मी त्यांना दोष देत नाही. पोटाचा आणि मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. पण याची किंमत कोण देते ते पाहा. धाकट्या जावेचे असेच झाले. लग्न देवळात पाळकांनी लावले. देवळाच्या वहीत नोंद आहे. बाहेर ती नोंद दाखवायची नाही, असे घरात ठरलेले. दहा वर्षांनी नवऱ्याने दुसरी बाई आणली आणि हिला दोन मुलांसह बाहेर काढले. पोटगी मागायला गेली तर लग्नाचा पुरावा मागितला. पुरावा देवळाच्या वहीत. ती वही दाखवली तर मुलांचे जातीचे दाखले धोक्यात येतात, असे सासरच्यांनी धमकावले. म्हणजे पोटगी मागावी तर मुलांचे शिक्षण जाते, आणि मुलांचे शिक्षण राखावे तर लग्नच झाले नव्हते असे म्हणावे लागते.

आम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. हा कायदा सर्व धर्मांच्या बायांना लागू आहे, आणि एका घरात नवराबायकोसारखे राहिल्याचा पुरावा तिथे चालतो. मुलांच्या जन्माच्या नोंदी, रेशनकार्ड, शेजारणींची साक्ष, हे सगळे जोडले. साक्षीला कोण आली? थोरली जाऊ. सासरच्या माणसांसमोर उभी राहून तिने सांगितले की ही याच घरची सून आहे. तात्पुरती पोटगी सुरू झाली. खटला चालू आहे.

धर्मांतरित दलितांच्या दर्जाबाबत सरकारने २०२२ साली आयोग नेमला. न्यायालयांतही हा वाद जुना आहे. त्यावर इथे बसलेल्यांची मते वेगवेगळी असतील. आरक्षणातला वाटा कमी होईल ही बौद्ध आणि मातंग मैत्रिणींची भीतीही मी ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. पण चर्चा करताना एवढे तरी धरून चालू या की जात धर्म बदलल्याने सुटली नाही, आणि ती न सुटल्याचा भार दोन्ही घरांत बाईवर आहे.

जामखेडची आठवण

कुणी म्हणेल, श्रद्धा आणि समाजबदल यांचा मेळ बसतच नाही का? बसतो. उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. मेबल आरोळे आणि डॉ. रजनीकांत आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला आले. त्यांनी खेड्यातल्या बाया निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित, काही टाकलेल्या. त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. ज्या बाईला गावात उभे करत नव्हते ती बाळंतपणे करू लागली, जुलाबाच्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी देऊ लागली. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत निवडल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांनी तिकडे यावे. कुणालाही ख्रिस्ती हो म्हटले नाही. मेबलताई १९९९ साली गेल्या. त्यांची श्रद्धा त्यांनी काय केले यातून दिसली. आणि महत्त्वाचे म्हणजे ज्ञान डॉक्टरकडे न ठेवता बायांच्या हातात दिले. मिशनच्या जुन्या कामात जे राहून गेले होते ते हेच.

म्हणून तीन गोष्टी सुचवते आणि थांबते.

एक, आपल्या तालुक्यातल्या बायबल-बायांची, मिशन शाळेच्या शिक्षिकांची, दवाखान्यातल्या नर्सबायांची माहिती गोळा करू. त्यांना ओळखणारी माणसे आता फार राहिलेली नाहीत. एका वहीत लिहून घेतले तरी पुष्कळ.

दोन, आपल्या सल्ला केंद्रांत येणाऱ्या ख्रिस्ती बाईला ‘तुमचा कायदा वेगळा आहे’ म्हणून परत पाठवू नये. घटस्फोट, पोटगी, वारसा, लग्नाची नोंद या चारही बाबतींत तिचे कायदे काय सांगतात ते आपण शिकून घेऊ. एक शिबिर त्यासाठीच घेऊ.

तीन, ज्या मैत्रिणी मंडळीत आहेत त्यांनी महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : देवळाच्या हिशेबाच्या बैठकीला आमच्यातल्या किती जणी बसणार? उत्तर काय येते ते पुढच्या शिबिरात सांगावे.

सकाळी प्रश्न विचारणाऱ्या मावशी समोर बसल्या आहेत. त्यांनी मला मघाशी चहाच्या वेळी सांगितले की त्यांच्या मंडळीत हा प्रश्न त्या येत्या रविवारी विचारणार आहेत, आणि एकटीने नाही, बचत गटातल्या सगळ्या जणींना बरोबर घेऊन. गटात बौद्ध आहेत, मराठा आहेत, धनगर आहेत. पाळकसाहेब काय म्हणतील माहीत नाही. पण मावशींचे ठरले आहे.